परातीतली निकिता

गुरुवारी सकाळी दहालाच कळंबच्या अलीकडच्या पत्र्याच्या शेडपुढं चारशे माणूस जमलं होतं. मोटारसायकली उसाच्या कडेनं पार पाटापर्यंत लावलेल्या, बायका पदर डोक्यावर घेऊन उन्हात बसलेल्या आणि जिच्यातिच्या हातात टोकन. स्टेजवर स्टीलची मोठी परात, परातीत पाणी आणि परातीमागं भगवी शाल पांघरलेले छायानाथ महाराज. माइकवर त्यांचं चाललं होतं, "देह जातो मातीत, छाया ऱ्हाते पाण्यात! मानूस इसरतं, पानी इसरत न्हाय!" दर वाक्याला पेटीवाला मागून सूर ओढत होता.

मग महाराजांनी एक कोरा कागद उलटसुलट फिरवून दाखवला आणि पाण्यात सोडला. थोडा वेळ काहीच नाही. मग आधी दोन डोळे उमटले, मग मिशा, मग फेट्यासकट अख्खं तोंड. समोर बसलेल्या म्हातारीचा तो गेल्या साली वारलेला नवरा. म्हातारीनं परातीला डोकं टेकलं आणि असा हंबरडा फोडला की शेजारची अनोळखी माणसंसुद्धा रडायला लागली. सेवेकऱ्यानं पळीनं त्यातलंच पाणी तिला तीर्थ म्हणून पाजलं.

खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. पण मी बघत होतो महाराजांचा डावा हात. परातीची कड ते बोटभर उचलत होते, सोडत होते, परत उचलत होते. अहो, देवाला पाणी हलवायची काय गरज? पाणी हलवतो तो फोटोवाला, कागदाला औषध सगळीकडं सारखं लागावं म्हणून. मी कुंडलिक, बारामतीत इंदापूर रस्त्याला माझा स्टुडिओ आहे. तीस वर्षं डार्करूममध्ये मी अस्साच ट्रे हलवला. ती सवय एकदा हाताला लागली की मरेपर्यंत सुटत नाही.

मी तिथं गेलो होतो तो छबूबाईपायी. निमगाव केतकीची ही बाई, घरची डाळिंबाची बाग. तिची एकुलती एक पोर निकिता बारामतीत कॉलेजला होती. एकवीस वर्षांची. तिला जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याचा नाद, तोही ब्लॅक अँड व्हाइटचा. एका रविवारी पाहुणे तिला बघायला येणार होते आणि ही सकाळीच स्कूटी काढून भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला निघाली. मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. छबूबाई बोलून गेली, "जातीस तर तिकडंच ऱ्हा." येताना डाळजपाशी हायवेला टेम्पोनं पोरीला उडवलं. मोबाइलचा चुरा झाला, पण सॅकमधला कॅमेरा तेवढा वाचला.

महिन्याभरानं छबूबाई तो कॅमेरा घेऊन माझ्याकडं आली होती. रीळ आत तसंच होतं. त्यात त्या दिवशीचे फोटो असणार, ते काढून द्या म्हणाली. आणि मी काय केलं? मी पासपोर्ट फोटो कापत होतो. मान वरसुद्धा न करता सांगितलं की हे आता कुणी धूत नाही, डार्करूम मोडून मला बारा वर्षं झाली, पुण्याला विचारा. ती दोन मिनिटं उभी राहिली आणि गेली. पुण्याला कुठं जाणार होती ती? ती गेली छायानाथाकडं. तिच्या नवऱ्याला, दत्तोबाला, मनातून पटत नव्हतं. त्यानं मला फोन करून विचारलं, "तात्या, फोटो पाण्यात उगवतो व्हय? तुमी एकदा येऊन बघा." म्हणून मी त्या गर्दीत बसलो होतो.

छबूबाईचा नंबर आला. कोरा कागद परातीत गेला आणि निकिता उमटली. दोन वेण्या, रिबिनी, गळ्यात शाळेचा टाय. महाराज डोळे मिटून म्हणाले, पोरगी रागात आहे, आईच्या तोंडचा शब्द तिला लागलाय, तिचा जीव त्या काळ्या पेटीत अडकलाय. हे त्यांना कसं कळलं? अहो, रांगेत सेवेकरी बाया गोड बोलून सगळं काढून घेत होत्या. पण छबूबाईला ते कुठलं सुचायला! तिनं पिशवीतून कॅमेरा काढला. हळदकुंकू लावलेला, फुलाच्या पाकळ्या चिकटलेल्या. महाराजांनी तो हातात घेतला आणि आत अंगारा टाकायचा म्हणून मागचं झाकण उघडलं.

भर दुपारच्या उन्हात रीळ उघडं पडलं. मी माणसं तुडवत स्टेजवर चढलो आणि झाकण दाबून बंद केलं, पण तोवर सात-आठ सेकंद गेले होते. मग काय, दोघातिघांनी मला धरलं, एकानं थोबाडीत दिली, चष्मा खाली पडून फुटला. ते मला लागलं नाही. लागलं ते छबूबाई बोलली ते.

"तात्या, तुमच्याकडंच आलते ना मी आदी? तुमी न्हाय म्हनला. आता मधी पडू नका."

महाराजांनी जाहीर केलं की पुढच्या गुरुवारी ही पेटी नीरा नदीत सोडायची, म्हणजे पोरगी सुटेल. तोवर ती देवघरात ठेवायची. माझ्याकडं आठ दिवस होते.

बारामतीत परतल्यावर मी पहिल्यांदा मासे विकणाऱ्या दुकानात गेलो. हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं मीठ, आता फोटोच्या दुकानात मिळत नाही. टाकीतल्या पाण्यातलं क्लोरीन मारायला मासेवाले मात्र ते ठेवतात. पोत्यातून तोलताना दुकानदार म्हणाला, कळंबकडचा एक भगवा माणूस महिन्याला पाच किलो नेतो, त्याच्याकडं एवढे कसले मासे आहेत कोण जाणे. मला हसूही आलं आणि रागही.

ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माधवी मॅडम माझ्या ओळखीच्या. त्यांच्यापुढं सगळं मांडलं. मॅडम म्हणाल्या, पाऱ्याच्या एका क्षारात बुडवला की साधा ब्लॅक अँड व्हाइट फोटो पार पांढरा पडतो. फोटो जात नाही, लपतो. हायपोच्या पाण्यात टाकला की परत काळा होऊन वर येतो. मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. "कुंडलिकराव, लोक ते पाणी पितात? अहो, पारा विष आहे."

महाराजांचा फोटो मी त्या दिवशी मोबाइलवर काढलेला होता. त्याची प्लॅस्टिकच्या कागदावर उलटी, काळ्याचं पांढरं केलेली कॉपी काढली, कपाटातलं फोटो छापायच्या ब्रोमाइड कागदाचं मुदत संपलेलं पाकीट शोधलं, न्हाणीघराच्या खिडकीत गोधडी कोंबली आणि लाल दिवा लावून फोटो छापला. मॅडमनी हातमोजे घालून प्रयोगशाळेत तो पांढरा केला आणि चांगला धुऊन वाळवला. कागद असा कोरा झाला की तुम्ही त्यावर किराण्याची यादी लिहिली असती. तो मी दत्तोबाकडं दिला. या खेपेला बैठक शेडच्या आत होती. मला तिथं कुणी घेणार नव्हतं, मी बाहेर खिडकीला नाक लावून उभा राहिलो.

गुरुवारी छबूबाई मांडीवर कॅमेरा घेऊन पुढंच बसली होती. महाराजांचं सुरू झालं, देह जातो मातीत वगैरे. पेटीवाल्यानं सूर धरला आणि दत्तोबा उठला. साधा माणूस, चार लोकांत कधी तोंड न उघडणारा. त्यानं शांतपणे आपल्या खिशातला कागद काढून परातीत सोडला. महाराज ओरडले, कागद मंत्रलेला लागतो, हा चालत नाही. सेवेकरी धावले, पण तोवर पाण्यानं आपलं काम केलं होतं. डोळे उमटले, दाढी उमटली, कपाळावरचा टिळा उमटला. परातीत महाराज आणि परातीमागं महाराज.

पेटीवाल्याचा सूर मधेच तुटला.

"म्हाराज," दत्तोबा म्हणाला, "तुमी कवा वारला?"

हसण्याची अशी लाट उठली की पत्रे वाजले. बायकांत येऊन बसलेल्या माधवी मॅडमनी उठून पेटीवाल्यापुढचा माइक घेतला आणि सगळं उकलून सांगितलं. टोकन देताना सेवेकरी मेलेल्या माणसाचा फोटो मोबाइलवर घेतात, आत्म्याची ओळख पटावी म्हणून. दर्शन नेहमी पुढच्या गुरुवारी असतं, कारण फोटो छापून पांढरा करायला वेळ लागतो. परातीत हायपो आहे. आणि हे पाणी कृपा करून कुणी पिऊ नका, जे प्यायलेत त्यांनी दवाखान्यात जाऊन तपासून घ्या. महाराज "करणी, करणी" म्हणत मागच्या दारानं गाडीत बसले. नंतर कळलं, हा माणूस पूर्वी माझ्यासारखाच फोटोवाला होता. मोबाइल आले, धंदा बसला, त्यानं देव मांडला. मॅडमनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली आहे.

लोक हसत होते तेव्हा छबूबाई मात्र हसली नाही. तिनं पिशवीतून गेल्या गुरुवारचा कागद काढला. प्लॅस्टिकमध्ये घालून तो तिनं आठ दिवस उराशी ठेवला होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. मी आत जाऊन तिच्यापाशी बसलो.

"माजी एकवीस वर्षांची गेली, तात्या. ही पंधराची कशी आली?" मग स्वतःच म्हणाली, "धाव्वीच्या हॉलतिकिटाचा हाय. मीच दिलता त्यांना." आणि तिनं कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला. "ह्यातलं काढा."

त्याच दुपारी जुनं सामान घेऊन त्यांच्या घरी बसलो. डार्करूम नाही म्हणून ज्या कामाला मी नकार दिला होता, त्याला काय लागलं ते ऐका. आधी रीळ गुंडाळून डबीत घेतलं. मग दोन जाड गोधड्यांखाली हात घालून, डोळ्यांनी न बघता, नुसत्या बोटांनी ते चकरीवर चढवलं आणि उजेड न शिरणाऱ्या डब्यात बंद केलं. डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवायचं औषध, नव्हताच, तर महाराजांचा फोटो छापताना केलं तसंच माधवी मॅडमच्या सांगण्यावरून इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सीची पूड पाण्यात कालवली. घरभर घाण वास सुटला. पंधरा मिनिटं डबा हलवला, पाण्यानं खंगाळला, मासेवाल्याकडचा हायपो ओतला. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एका तासात काम झालं. एका तासात, बरं का. आणि मी त्या बाईला पुण्याची वाट दाखवली होती.

झाकण उघडून रीळ वर ओढलं आणि उजेडाकडं धरलं. कॅमेऱ्यात काढलेले फोटो एकावर एक गुंडाळत जातात. सगळ्यात शेवटचे सगळ्यात वर असतात, आणि झाकण उघडलं की ऊन आधी त्यांच्यावर पडतं. सुरुवातीचे सत्तावीस बरे होते. शेवटचे नऊ काळेठिक्कर. त्या रविवारचे फोटो त्या नवांतच असणार, असं मी धरून चाललो, कारण आधीचे सगळे बागेच्या छाटणीच्या वेळचे होते आणि छाटणी त्या रविवारच्या दोन आठवडे आधीची.

मोबाइलवर काळ्याचं पांढरं उलटं करून एकेक फोटो छबूबाईला दाखवला. ट्रॅक्टरवर डुलकी लागलेला दत्तोबा. गोठ्यातलं वासरू. डाळिंबाच्या क्रेटवर बसून पदरात तोंड लपवून हसणारी छबूबाई स्वतः. ती भराभर पुढं सरकवत होती. कोरं पांढरं आलं तेव्हा थांबली.

"फुडचं?"

"पुढचं जळलं, छबूबाई. ऊन लागलं त्याला."

"त्या दिवशीचं?"

"त्यातच होतं."

दत्तोबा उठून बाहेर गेला. मग तिनं माझं मनगट धरलं. "तुमाला कळतं ह्यातलं. तुमी बघा नीट. ती रागात गेली का, तेवढं सांगा. मला दुसरं काय नको."

देवाशप्पथ सांगतो, ही शपथ सवयीची, पण खोटं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. काय अवघड होतं? जळलेल्या नवांतल्या एकावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, अंधुक दिसतंय, ह्यात तुम्ही आहात पाठमोऱ्या, हा त्याच सकाळचा, भांडणानंतरचा, पोर रागात असती तर आईचा फोटो काढला असता का? ती रडली असती, शांत झाली असती, मला हात जोडले असते. पडताळायला कोण येणार होतं? त्या वेळी मला कळलं की बाबा व्हायला परात लागत नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "आणि हे सांगू शकेल असं कुणीच नाही."

तिनं माझं मनगट सोडलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. संध्याकाळपर्यंत ती उठली नाही. मी तिथंच बसून राहिलो, कारण उठून जायला मला तोंड नव्हतं.

आता तुम्हाला सांगतो. लोक मला विचारतात, बाबानं त्या बाईचं किती नेलं. नऊ फोटो नेले. त्यांत काय होतं ते आता जगात कुणालाच कळणार नाही, तिलाही नाही. तुमचं माणूस गेलं असेल आणि कुणी त्याचा चेहरा, त्याचा निरोप, त्याचा राग तुम्हाला दाखवायला निघाला, तर रडा, पण रडताना विचारा की हे कसं केलं. माझ्या भांड्यात, माझ्या पाण्यात, माझ्या कागदावर करून दाखव म्हणा. आणि तुमच्या हाताला एखादी विद्या असेल आणि दारात कुणी दुःखानं वेडं झालेलं माणूस उभं असेल, तर हातातलं काम बाजूला ठेवून त्याचं ऐकून घ्या. कॅमेऱ्याचं झाकण छायानाथानं उघडलं. छबूबाईला त्याच्या रांगेत उभं केलं ते मी.