चौथी बाटली

सुंदररावांनी पेला नाकापासून वीतभर लांब धरला. "मध, दोरै. मागून पिकला पेरू. उपवासाला चालेलसं वाटतं."

दोरै, म्हणजे मॅकरेसाहेब, हसले नाहीत. कालव्यांच्या खात्यात तीस वर्षं काढून ते कुंभकोणमलाच राहिले होते आणि गेल्या तापात त्यांचं नाक व जीभ दोन्ही गेली होती. भावाने विलायतेहून चार व्हिस्क्या धाडल्या होत्या. चार गावच्या, प्रत्येक एकाच भट्टीची, सिंगल माल्ट. चव सांगायला साहेबांनी आपला जुना कारकून बोलावला. उभ्या जन्मात दारू न चाखलेला, पण कॉफीच्या दुधात चमचाभर पाणी पडलं तरी ओळखणारा. परीक्षक म्हणून अगदी निःपक्षपाती.

सुंदररावांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. हुंगणं चालतं, पिणं नाही, असा निवाडा त्यांनी स्वतःच देऊन टाकला होता.

"अय्यो, दोरैकडं हुंगायला जातांत?" त्यांची बायको नागलक्ष्मी घरी म्हणाली. "नैवेद्य दाखवल्यासारखं?"

"देव तरी कुठं खातो?"

"मग ते नाक सोवळ्यांत आणू नक्का."

दुसऱ्या बाटलीत मीठ आणि ओला दोर निघाला. तिसरी शेरी नावाच्या द्राक्षदारूच्या पिंपात मुरलेली: मनुका, सुपारी, तिरुभुवनमच्या कोऱ्या रेशमाची घडी. साहेब डोळे मिटून ऐकत.

चौथ्या बाटलीपर्यंत साहेबांनी अंथरूण धरलं होतं. ती साहेब जन्मले त्या बेटावरची होती.

"धूर, दोरै. आणि इस्पितळ."

"एवढंच?" साहेब उशीवरून उठू लागले. "त्यात माझ्या आईची चूल आहे, सुंदरराव. ती वासात येत नाही, घोटात येते. आमच्या घरात इंग्रजी नव्हती, बेटाची बोली होती. आई गेल्यावर ती बोलायला कुणी उरलं नाही."

सुंदररावांच्याही घरात मराठी होती आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. मग त्यांनी माळ काढून साहेबांच्या टोपीशेजारी खुंटीला अडकवली, आणि पेला ओठाला न लावता, घरी पाणी पितात तसा, वरून घोट सोडला. अर्धा नाकात गेला.

साहेब त्या महिन्यात पहिल्यांदा हसले. "सांग."

"आग, दोरै." ते खोकले. "आता निवली. पहाट आहे. कुणीतरी ओल्या गोवऱ्या पेटवल्यात. पाणी तापलंय. न्हायला हाक मारतंय कुणी."

"कुठल्या भाषेत?"

सुंदररावांनी डोळे मिटून नीट ऐकलं. "मला कळली नाही, दोरै."

"तीच," साहेब म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

शनिवारी ते गेले.

माळ पुन्हा घालायची तर गोविंदपुरमच्या मठात जाऊन गुरूंपुढे चूक झाली म्हणायचं होतं. सुंदरराव दोनदा गेले. दोन्ही वेळा भजन ऐकून परत आले. खुंटीवरून घरी आणलेली माळ नागलक्ष्मीने देवघरात ठेवली.

पुढच्या एकादशीच्या पहाटे तिने परसात चूल पेटवली. गोवऱ्या ओल्या होत्या. धूर अंगणभर पसरला.

"न्हाऊन घ्या की हो," तिने हाक मारली.

सुंदरराव धुरात उभे होते. हात सवयीने गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला.

"पुन्हा बोलाव," ते म्हणाले.