भोंगा वाजला की भाकरी

धुडकूबाबांना दोन बायका आहेत, असं सुरतच्या गोडादऱ्यातली पोरं चेष्टेनं म्हणायची आणि धुडकूबाबा ते ऐकून मिशीतल्या मिशीत हसायचे. पहिली सुंदराबाई, लग्नाची, साक्रीकडची. दुसरी ट्रक. लांब नाकाची, गोल डोळ्यांची, लाकडी हौद्याची जुनी गाडी. तशी आता कंपनी काढत नाही, आणि रस्त्यात दिसलीच तर लोक फोन काढून फोटो घेतात. खंडोबाच्या घरी म्हाळसा असताना बानू आली, तशी ही आली म्हणून सुंदराबाईंनीच तिचं नाव बानू पाडलं. पाडलं रागानं, पण गल्लीनं उचलून धरलं आणि ते कायमचं चिकटलं.

आता राग यावा असं होतंच हो! धुडकूबाबा सुरतेहून साड्यांच्या गासड्या भरून निघाले की व्यारा, सोनगड, नवापूर करत पार नागपूरपर्यंत जायचे आणि येताना रावेरची केळी घेऊन यायचे. घरी आले की आंघोळ आधी बानूची, मग स्वतःची. पोराला ताप आला तर "डॉक्टरकडे ने" म्हणणारा हा माणूस गाडीच्या इंजिनातून जरा वेगळा आवाज आला की जेवणाचं ताट सोडून उठायचा. बोनेटला कान लावून विचारायचा, "काय गं, काय होतंय?" सुंदराबाई दारातून म्हणायच्या, "मी मरी जासू तरी इतला प्रेमथीन नही इचारावत!" बाबा म्हणायचे, "तू बोलून दाखवतेस. ती बिचारी मुकी."

एक मात्र होतं. बानूच्या उजव्या अंगाला, ड्रायव्हरच्या हाताशी, पितळी भोंगा होता, रबरी फुग्याचा. फुगा दाबला की असा काही आवाज निघायचा की रेड्याला पडसं झालंय म्हणावं. खेपेवरून परत येताना गल्लीच्या कोपऱ्यावर बाबा तो वाजवायचे, दोन तोकडे आणि एक लांब. आत सुंदराबाई तवा चुलीवर, पुढे गॅस आल्यावर गॅसवर ठेवायच्या. गाडी लावून, हातपाय धुऊन बाबा पाटावर बसले की ताटात फुगलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. फोन नव्हते तेव्हाही हे चुकलं नाही आणि फोन आल्यावरही कुणी फोन केला नाही. बाबा पहिला घास खाणार आणि दर वेळी एकच म्हणणार, "मीठ जरा कमी वाटतं." धाब्यांवरचं खारट खाऊन जीभ बिघडलेली, दुसरं काय! सुंदराबाई पळी आपटायच्या, पण पुढच्या खेपेलाही मीठ तेवढंच घालायच्या.

तर आता बाबा थकले, बानूही थकली. तिला रस्त्यावर चालवायची परवानगी संपून बरीच वर्षं झाली होती. गल्लीपासून थोड्या अंतरावर एका मोकळ्या प्लॉटात ती उभी असायची. बाबा रोज सकाळी जाऊन तिची काच पुसायचे, स्टिअरिंगवर बसायचे, गिअर टाकून बघायचे आणि कुठेही न जाता खेप करून आल्यासारखे समाधानानं घरी यायचे. ह्यानं कुणाचं काय बिघडत होतं? पण प्लॉटच्या मालकाला तिथे दुकानं बांधायची लहर आली. त्यानं धुडकूबाबांच्या मुलाला, योगेंद्रला, बोलावून सांगितलं, गाडी हलवा.

योगेंद्र पोरगा वाईट नाही. कतारगामला एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, सुपरवायझर आहे, दिवसभर मशिनींचा खडखडाट ऐकून घरी हळू बोलतो. त्यानं चार ठिकाणी चौकशी केली, गाडी ठेवायला जागा काही मिळेना. शेवटी जेवताना मान खाली घालून म्हणाला, "बाबा, भंगारवाला सोमवारी येतोय. दुसरा इलाज नाही."

धुडकूबाबा म्हणाले, "बरं."

सून जयश्री साडीला खडे चिकटवत बसली होती, तिनं चमकून वर बघितलं. सुंदराबाईंनी वाढता वाढता हात थांबवला. धुडकूबाबा आयुष्यात कशालाही "बरं" म्हणालेले नव्हते. ते भांडले असते, ताट ढकललं असतं, तर सगळ्यांना झोप लागली असती. "बरं" म्हणजे ह्या माणसाच्या डोक्यात काहीतरी शिजतंय, हे घरातल्या मांजरालाही कळलं. कळलं नाही ते फक्त योगेंद्रला. तो बिचारा, बाबांनी समजून घेतलं म्हणून दोन भाकरी जास्त जेवला.

 भंगारवाले काय करतात हे बाबांनी मात्र बघितलेलं होतं. आधी काचा काढतात, मग गॅसची ज्योत लावून गाडीचं नाक कापतात. बानूचं नाक! कोंडाईबारीच्या घाटात ब्रेक गेले तेव्हा तेच नाक डोंगराला लावून ती उभी राहिली होती. बाबा आणि त्यांचा क्लीनर उखा, दोघं जिवंत उतरले होते. त्या नाकावर कुणीतरी ज्योत धरायची आणि आपण घरात बसून चहा प्यायचा? छे! त्यांना ते नुसतं मनात आणूनही बसवेना.

शुक्रवारी योगेंद्र खात्यात गेला आणि बाबांनी उखाला फोन लावला. उखा आता क्लीनर राहिला नव्हता. चलथाणला साखर कारखान्याच्या रस्त्यावर त्याचं पंक्चरचं दुकान होतं आणि मागे चिंचेखाली ऐसपैस पडीक जागा. हंगामात उसाच्या गाड्या तिथे थांबत, तरी कोपऱ्यात एक म्हातारी सहज मावली असती. उखा दुपारी रिक्षातून बॅटरी आणि डिझेलचा कॅन घेऊन हजर.

"वस्ताद, हे चोरीत धरतात का?" त्यानं विचारलं.

"स्वतःची गाडी स्वतः चोरायला काय होतं रे? आणि हळू बोल. ती घाबरेल."

बानू आधी खोकली, मग शिंकली, मग काळ्या धुराचा एक ढग सोडून अशी धडधडायला लागली की प्लॉटातली कुत्री उठून पळाली. बाबांच्या अंगावर काटा आला. क्लच दाबून सोडायचा, पुन्हा दाबायचा, मग गिअर. पायांना सगळं आठवत होतं. गुडघा रोज जिना चढताना कुरकुरायचा, तोसुद्धा आज गप्प. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. "काका, म्युझियममांथी काढी लाव्या के?" बाबांनी ऐटीत सांगितलं, "पाछी मूकवा जाऊं छूं!" म्हणजे परत ठेवायलाच चाललोय. उखा हसून हसून सीटवरून घसरला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण प्लॉटातून चलथाणला जाणाऱ्या कडोदऱ्याच्या रस्त्याला लागायचं तर गोडादऱ्यातल्या त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावरूनच जावं लागतं. कोपरा आला. पान टपरी आली, दत्ताचं मंदिर आलं. आणि धुडकूबाबांचा उजवा हात, त्यांना न विचारता, बाहेर गेला आणि फुगा दाबला.

दोन तोकडे आणि एक लांब.

उखा सीटवर ताडकन उठून बसला. "वस्ताद! काय केलंत!"

बाबांनी आपल्या हाताकडे असं बघितलं की जणू तो शेजाऱ्याचा आहे. "मेलो," ते म्हणाले. "आता घरची म्हातारी जागी झाली." पण आता थांबणार कसं? त्यांनी गाडी दामटली ती थेट चलथाणला चिंचेखाली नेऊन उभी केली. काच पुसली, नाकावर हात फिरवला, "चार दिवस इथे राहा, रुसू नको," असं सांगितलं आणि रिक्षा धरून घरी निघाले. वाटेत मनाशी पाठ करत होते: मारुतीला गेलो होतो, मारुतीला गेलो होतो.

दारात चप्पल काढली. आत पाट मांडलेला. पाटापुढे ताट. ताटात भाकरी आणि ठेचा. भाकरीची वाफ निवून गेली होती, पण ती फडक्यात नीट झाकलेली होती. दुपारचं जेवण होऊन कधीच भांडी घासून झालेली, संध्याकाळचं अजून लांब. अशा भलत्या वेळी ह्या घरात कुणी जेवत नाही.

"मी मारुतीला—" बाबांनी सुरुवात केली.

"भोंगा वाजना, भाकर टाकी," सुंदराबाई म्हणाल्या. "बठा. जेवा."

बाबा बसले. पोट भरलेलं होतं तरी घास मोडला. सुंदराबाई समोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

झालं! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ह्या माणसाला मीठ बरोबर लागलं होतं. कबुलीजबाब म्हणतात तो आणखी काय वेगळा असतो? जयश्रीनं पदर तोंडाला लावला आणि खड्यांचा डबा उचलून माडीवर गेली.

दिवेलागणीला योगेंद्र धापा टाकत आला. "बानू चोरीला गेली! प्लॉट रिकामा आहे! मी पोलिसात जातो."

बाबांना जोरात ठसका लागला. जयश्री म्हणाली, "अहो, ती कोण चोरेल? सुरू करायलाच माणसं गोळा करावी लागतात."

योगेंद्रनं बाबांकडे बघितलं. बाबांनी कॅलेंडरकडे. आता ह्या घरात धुडकूबाबांची बानू राहते की जाते, ते एकाच बाईच्या तोंडात होतं, आणि त्या बाईनं बानूला उभ्या जन्मात सवत सोडून दुसरं काही म्हटलेलं नव्हतं. बाबांनी मनातल्या मनात खऱ्या मारुतीला नारळ बोलला.

सुंदराबाईंनी परातीतलं पीठ झाकलं, हात धुतले आणि पुढे आल्या. "कोनी चोरी नही. चलथाणले शे, उखानी जागामा."

"तुला कसं कळलं?" बाप-लेक एकदमच बोलले.

"भोंगा वाजना आनि कडोदराकडे गया. तिकडे ह्यासनं उखाशिवाय शे कोन?" मग त्या योगेंद्रकडे वळल्या. "भंगारवालाले सांगी दे, येऊ नको."

"पण माय, तूच तर तिला सवत म्हणतेस! रोज शिव्या देतेस!"

"देस! घाटमा ब्रेक गयथात तवय तिनी तुना बापले सोडं नही. दर खेपले घर लयी उनी. सवत मनी शे, शिव्या मी दिसू. तू कोन तिले भंगारमा देनारा?"

एवढं बोलून सुंदराबाईंनी उगाच जयश्रीला दिवा लावायला सांगितलं. दिवा लागलेलाच होता. योगेंद्र खाली बसला आणि हसायलाच लागला. "मला नुसती जागा हवी होती ना," तो म्हणाला. "मी काय हौसेनं विकत होतो? राहू दे तिथेच. पण बाबा, पुन्हा रस्त्यावर काढायची नाही. शपथ घ्या."

बाबांनी शपथ घेतली. कुणाची घेतली ते ऐकू आलं नाही, पण घेतली. त्यांना बायकोकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. सगळे उठून गेल्यावर ते हळूच म्हणाले, "योगेंद्रच्या आई, तुला काय पाहिजे ते माग."

सुंदराबाई तयारच होत्या. "माले तिन्हामा बसाडा. 'पुढली खेपले लयी जासू' म्हनत म्हनत तुम्ही म्हातारा व्हई गयात."

खरंच होतं ते. बाबांनी डोकं खाजवलं. एवढ्या वर्षांत बानूत कापड बसलं, केळी बसली, उखा बसला, एकदा तर नवापूरची बोकडं बसली. सुंदराबाई दसऱ्याला खाली उभं राहूनच नाकावर हळदकुंकू वाहायच्या. आत कधी नाही. बाबांना इतकी लाज वाटली की त्यांनी रात्रीचं जेवण नको म्हटलं. तसंही पोटात दुपारची भाकरी होतीच.

रविवारी दोघं चलथाणला आले. सुंदराबाईंनी लग्नाकार्याची साडी नेसली होती, गजरा घातला होता. उखानं बानूला धुऊन झेंडूची माळ घातली होती. चाकावर पाय ठेवून केबिनमध्ये चढायचं म्हणजे काय खायचं काम! बाबांनी वरून ओढलं, उखानं खाली स्टूल धरलं, आणि सुंदराबाई एकदाच्या आत पोचल्या. सीटवर हात फिरवला, काचेतून बाहेर बघितलं. "इतला उच्चावरथीन दिखस का तुमले?" त्या म्हणाल्या. "म्हनीसन घर बारीक वाटे!"

बाबांनी रिकाम्या जागेत बानूला एक गोल चक्कर मारून आणली. शपथ मोडली नाही, रस्ता कुठे होता तिथे? धक्का बसला की सुंदराबाई "अगं माय!" म्हणून ओरडायच्या आणि लगेच म्हणायच्या, "आखो." आणखी एक चक्कर झाली, मग आणखी एक. चिंचेखाली येऊन गाडी थांबली. बाबा दार उघडून खाली उतरले आणि बायकोला उतरवायला हात पुढे केला.

सुंदराबाई उतरल्या नाहीत. त्या सरकून ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, उजवा हात बाहेर काढला आणि फुगा दाबला. दोन तोकडे आणि एक लांब.

"काय झालं?" बाबा दचकले.

"कोपरावर ऊनू मी," सुंदराबाई म्हणाल्या आणि खेपेवरून आलेल्या ड्रायव्हरसारखे पाय पसरले. "भाकर टाका."

उखानं पटकन तोंड फिरवलं. धुडकूबाबांनी बाह्या सरसावल्या. हौद्याखालच्या पेटीतून खेपेवरचा जुना स्टोव्ह निघाला, पीठमिरच्या उखाच्या घरून आल्या. बाबांनी भाकरी थापली, ती एका बाजूनं गुजरातच्या नकाशासारखी झाली, पण फुगली. ठेचा कुटला. थाळी दोन्ही हातांनी वर केबिनमध्ये दिली आणि खालीच, चाकाला टेकून, वाट बघत उभे राहिले.

सुंदराबाईंनी घास मोडला. सावकाश चावला. डोळे भरून आले ते मिरचीनं की कशानं, हे बाबांना खालून कळेना.

"मीठ जरा कमी वाटस," त्या म्हणाल्या.