दुसरी रिंग

लिहिणं एक वेळ जमतं, लिहायला बसणं जमत नाही. हे त्या दोघींना ऐन तिशीत कळलं होतं आणि त्यावर त्यांनी काढलेला उपाय इतका साधा होता, की कुणाला सांगायचीही लाज वाटावी. सकाळी एकीने टेबलाशी बसायचं, दुसरीला फोन लावायचा आणि एक रिंग झाली की ठेवून द्यायचा. मग दुसरीने बसायचं आणि उलट रिंग द्यायची. फोन उचलायचा नाही. घरात पाहुणे असोत की मूल तापलेलं असो, रिंग म्हणजे ‘मी बसले’. बाकी गप्पा संध्याकाळी. एकमेकींचं कच्चं लिखाण त्या कधी वाचत नसत. मैत्री टिकली ती बहुधा त्यामुळेच.

पहिली रिंग नेहमी मुंगीची. चार ओळी का होईना, पण रोज लिहिणारी, म्हणून ती मुंगी. दुसरी गोगलगाय. हे नाव मुंगीनेच ठेवलेलं, आणि ‘पोटात पाय’ हे पुढचं ती मनातल्या मनात म्हणत असे की काय, कोण जाणे. जुना फोन लिहायच्या टेबलावर होता तोवर सगळं सरळ चाललं होतं. मोबाइल उशाशी आला आणि गोगलगायीचं पाप सोपं झालं. मुंगीची रिंग आली की ही पांघरुणातूनच हात बाहेर काढून उलट रिंग द्यायची आणि कूस बदलायची. कधीकधी थोड्या वेळाने मुंगीची आणखी एक रिंग यायची, नियमात नसलेली. झालं वाटतं बाईसाहेबांचं पान लिहून, आता मिरवतेय, असं म्हणत गोगलगाय चरफडत उठायची आणि त्या हेव्याच्या जोरावर दुपारपर्यंत लिहायची. तिची निम्मी पुस्तकं अशी हेव्यावर उभी होती.

मुंगी गेली आणि फोन मुका झाला. गोगलगायीच्या नव्या कादंबरीतली नर्स तेव्हा हातात पिशवी घेऊन जिना चढत होती. ती तिथेच अडकली. ऋतू बदलला तरी बाई आपली जिन्यातच. रोज सकाळी गोगलगाय डोळे उघडायची, फोनकडे बघायची आणि पडून राहायची. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती, मुलगा दूर होता, पण इतकं एकटं तिला तेव्हाही वाटलं नव्हतं. नळाशी बोलायची वेळ आली होती. आपण आता कधीच लिहिणार नाही, याची तिला भीती वाटत होती. आपण थांबलो हे कुणाला कळणारसुद्धा नाही, याची त्याहून जास्त.

अशात प्रकाशकाने विचारलं, मुंगीबाईंचं न छापलेलं काही असेल तर तुम्हीच नीट लावून द्याल का? असणारच, तिने ठासून सांगितलं. अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत रिंग येत होती. भली मोठी पिशवी घेऊन ती मुंगीच्या घरी गेली. मुंगीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्याने चहा केला तो तिघांचा, आणि एक कप तसाच ओट्यावर राहिला. पिशवीकडे बघून तो म्हणाला, काहीच नाही.

भावोजींना कागद द्यायचे नाहीत, असं तिला वाटलं. तिने समजावून पाहिलं, थोडी रागावलीसुद्धा. मग तो तिला मुंगीच्या टेबलापाशी घेऊन गेला. टेबल पुसून लख्ख होतं. शेवटची दोन वर्षं मुंगीच्या हातात पेनच ठरत नव्हतं, आणि दुसऱ्याला सांगून लिहवून घेणं तिला कधी जमलं नाही, असं त्याने सांगितलं.

“मग रिंग?”

“मी लावून द्यायचो. तिची बोटं थरथरायची ना.” तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. “पण ती रोज इथे येऊन बसायची. म्हणायची, मी थांबले हे कळलं तर ती अंथरुणातून उठायचीच नाही.”

गोगलगायीने पिशवी खाली ठेवली.

“तुमची रिंग लगेच आली की म्हणायची, अजून लोळतेय. खरंच बसली असती तर वेळ लागला असता, खुर्ची ओढायची, चष्मा शोधायचा. मग जरा थांबून मला परत लावायला सांगायची. पहिल्यापासूनचं आहे हे. हात चांगले होते तेव्हा स्वतः लावायची.”

चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखं गोगलगायीला आधी हसू आलं. मग रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही. जिचा ती या शेवटच्या दोन वर्षांतही हेवा करत होती, ती या रिकाम्या टेबलाशी बसून हिच्या उठण्याची वाट बघत होती. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. रिकामी पिशवी घडी घालून ती निघाली, तेव्हा दारात त्याने विचारलं,

“ताई, उद्या रिंग आली तर उचलायची नाही ना?”

“नाही भावोजी. उचलायची नाही.”

सकाळी जाग आली तसा सवयीने तिचा हात उशाशी गेला. मुंगीचा नंबर समोर होता, नुसता अंगठा टेकवायचा बाकी होता. ती फोन घेऊन उठली. टेबलापाशी जाऊन खुर्ची ओढली. चष्मा सापडेना, शेवटी तो फ्रिजवर निघाला. मग नीट बसून तिने फोन लावला, एक रिंग होऊ दिली आणि ठेवला.

उलट रिंग येणार नव्हती. हे माहीत असूनही ती बराच वेळ वाट बघत बसली. मग तिने पेन उघडलं आणि नर्सला एक पायरी वर चढवलं.