साक्षीचा शब्द

टेलरबाईंनी माईक आपल्या तोंडापर्यंत खाली ओढला आणि सचिव सांगतील तसं म्हणायला सुरुवात केली. नगरपालिकेचे नवे सदस्य शपथ घेत होते. आपलं नाव त्यांनी खणखणीत सांगितलं. 'ईश्वराला साक्षी ठेवून' हे शब्द आले आणि त्या थांबल्या.

"म्हणा की," सचिव हळूच म्हणाले.

"मी देव मानत नाही हो. इथलं माझं पहिलंच वाक्य खोटं कसं बोलू? मनाला साक्षी ठेवून म्हणते."

सभागृहात एकच गलका झाला. सगळ्यात चढा आवाज वखारवाल्या अप्पांचा. अप्पा जुने सदस्य, यंदाही निवडून आलेले, उठता-बसता देवाचं नाव घेणारे. आणि ते मनापासून घेतात, हे टेलरबाईंनाही ठाऊक होतं.

"हेच शब्द म्हणायचे, नाहीतर खुर्ची सोडायची!" अप्पा गरजले. "आजवर असंच चालत आलंय."

शिलाई मशीन बंद ठेवून, गल्ली न् गल्ली पालथी घालून मिळवलेली जागा एका वाक्यापायी हातची जाणार होती. त्यांनी प्रेक्षकांच्या बाकाकडे पाहिलं. तिथं सासूबाई बसल्या होत्या. त्या पक्क्या देवभक्त, सकाळीच म्हणाल्या होत्या, "म्हणून टाक गं, जीभ काही झिजत नाही." आता मात्र अप्पांकडे रागाने पाहत त्यांनी सुनेला 'म्हणू नकोस' अशी मान हलवली.

निवडणूक अधिकाऱ्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं. वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं.

"देवाचं नाव घ्या किंवा घेऊ नका, दोन्ही चालतं," ते ओशाळून म्हणाले. "आजवर कुणी विचारलंच नाही."

सचिवांनी हातातल्या कागदावरचा 'ईश्वराला' खोडून वर 'मनाला' लिहिलं. टेलरबाईंनी पुन्हा सुरुवात केली. या खेपेला आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. खाली बसताना त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मग अप्पा उठले. गोंधळलेले सचिव तोच खोडलेला कागद वाचत सुटले, "मनाला साक्षी ठेवून..."

अप्पांनी आ वासला.

"माझा देव कुठं गेला?"

हशा पिकला. सचिवांनी कपाळाला हात लावला.

"आता हेच लिहिलंय, अप्पा. म्हणून टाका, काय फरक पडतो?"

"फरक पडतो!" अप्पांचा आवाज कापला. "त्याच्याशिवाय शपथ मला शपथ वाटत नाही. जबरदस्ती कसली करता?"

आपण काय बोललो ते त्यांच्याच कानावर आत्ता पडत होतं.

"आता कसं वाटतंय?" मागून कुणीतरी ओरडलं. टेलरबाईंना ते गोड लागलं, खोटं कशाला सांगा. टोला हाणायची संधी आयती चालून आली होती. त्या उठल्या, सभागृह कान टवकारून बसलं.

"घेऊ द्या त्यांना त्यांच्या देवाचं नाव," त्या म्हणाल्या. "हक्क आहे त्यांचा."

अप्पांनी डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन शपथ घेतली. जागेवर परतताना टेलरबाईंच्या बाकाशी जरासे घुटमळले.

सचिवांनी घाम टिपला आणि पुढच्या सदस्याला हाक मारली. तो माईकपाशी येतो न येतो तोच त्यांनी वाचायला घेतलं.

"अहो, थांबा!" अप्पा जागेवरूनच खेकसले. "आधी विचारा तरी त्याला!"