जबाबदार इसमाचे नाव

बदरुद्दीनसेठच्या बेकरीचे टोस्ट आणि खारी तीन छोट्या मालवाहू गाड्यांतून वाशिमच्या आसपासच्या गावांत जात. त्यातली सगळ्यात जुनी गाडी दर गुरुवारी सेठ स्वतः जऊळक्याला न्यायचे. पगारी ड्रायव्हर होते, पण तीस वर्षं स्टेअरिंग धरलेल्या माणसाला गल्ल्यावर बसवलं की आपणही दुकानाच्या सामानात जमा झालो, असं त्याला वाटायला लागतं. जऊळक्याच्या स्टेशनासमोर हॉर्न वाजवेपर्यंत सेठना आपण जिवंत असल्याची नीटशी खात्री पटत नसे.

एका बिस्किट कंपनीनं एजन्सी द्यायचं ठरवलं आणि आधी एक फॉर्म पाठवला. त्यात रकाना होता : 'वाहनांच्या सुरक्षिततेस जबाबदार इसमाचे नाव.' अपघात झाला की पोलीस कोणाला शोधत येतील, हे सेठच्या चटकन लक्षात आलं.

"बाबूलाल लिही," ते मुलीला म्हणाले.

नाजिश अकोल्याला वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. "नाव लिवून जबाबदारी सरकत नाई, अब्बा. चालवणारा त्या लायकीचा नाई, हे माहीत असून मालकानं गाडी देली, तर मालकबी अडकते."

"तू लिही. कायद्याचं मंग पाहू."

बाबूलाल पोहरादेवीजवळच्या तांड्यातला, सेठचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. आजवर त्याला कोणी हुद्दा दिला नव्हता. त्यानं तो मनावर घेतला. सोमवारी गुळगुळीत टायरची गाडी त्यानं उभी करून ठेवली. मंगळवारी वरातीत नाचून थेट कामावर आलेल्या नवीन नावाच्या ड्रायव्हरला घरी झोपायला पाठवलं. सेठ खूश होते. आपली जबाबदारी दुसऱ्याच्या अंगावर इतकी शोभून दिसेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

बुधवारी बाबूलाल म्हणाला, "सेठ, सगळ्यायचे डोळे तपासले. तुमचेच राह्यले."

त्यानं सेठना बेकरीच्या ओट्यावर उभं केलं आणि रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचायला सांगितल्या. सेठनी धडाधड वाचल्या. औषधांचं दुकान, शिवण क्लास, पंक्चरवाला. पाटीवर नसलेल्या, दुकानदारांच्या वडिलांच्या नावांसकट.

"अन ते टोकाची?"

"जगदेवची रसवंती."

बाबूलाल म्हणाला, "रसवंती मागच्या महिन्यातच गेली, सेठ. तिथं पल्लवी ब्यूटी पार्लर हाय. गुलाबी पाटी, हातभर अक्षरं."

"पार्लरकडं पाहणं माह्या वयाले शोभते काय?"

"नाई शोभत. पाटी वाचाले चालते." मग त्यानं हळूच विचारलं, "जऊळक्याचा रस्ताबी असाच वाचून राह्यले काय तुमी?"

मागच्या गुरुवारी फाट्यावर एक म्हैस त्यांना अगदी ऐनवेळी दिसली होती. रस्ता पाठ होता. म्हैस पाठांतरात नव्हती.

फॉर्मच्या मागच्या पानावर गाडी चालवणाऱ्यांची यादी होती; तिच्यात सेठच्या नावापुढे बाबूलालनं लिहिलं, 'गाडी देऊ नये', आणि सही केली. खाली मालकाच्या सहीची जागा होती. सेठनी नाजिशकडे पाहिलं.

"आता मालकाले माहीत झालं," ती म्हणाली. "उद्या काही झालं तर चालवणारेबी तुमीच, गाडी देणारेबी तुमीच. एका घरातून दोन आरोपी, अन दोघायचा डबा एकच."

सेठनी सही केली. मग पेनाचं टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

गुरुवारी ते बाबूलालच्या बाजूला बसले. पट्टा लावेपर्यंत त्यानं गाडी सुरू केली नाही. पुढे वाटेतला प्रत्येक गतिरोधक सेठनी त्याला आधी सांगितला, जणू ते कालच बांधले होते. जऊळक्याच्या स्टेशनासमोर बाबूलालनं गाडी थांबवली, पण हॉर्न दिला नाही.

"हॉर्न तुमी मारा, सेठ. त्याले डोळे लागत नाई."

सेठनी हात लांबवून मारला, गरजेपेक्षा बराच वेळ. चहावाला गोविंदसिंग बाहेर आला.

"सेठ, आज बाजूच्या सीटवर काहून?"

"एका डायव्हरची गाडी काढून घेतली," सेठ गंभीरपणे म्हणाले. "नजर कमजोर झाली त्याची. मालकाले कडक राहा लागते."

"मंग काढून टाकलं त्याले?"

"नाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून देतो. जुना माणूस हाय, सोडवत नाई."