दुसरा चेहरा दिसला

सकाळी अकराचा पेपर. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून मी पाटावर बसले. परीक्षेचं अॅप कॅमेऱ्यातून सारखं बघत राहणार होतं. चौकटीत माझाच चेहरा हवा, दुसरा दिसला की ताकीद, तिसऱ्या ताकिदीला पेपर बंद. बी.ए.चा हा शेवटचा विषय लग्नात एकदा राहिला, बाळंतपणात पुन्हा. नोंदणीची मुदत यंदा संपत होती. आज गेला की सगळं पहिल्या वर्षापासून.

नवरा तारापूरला पहिल्या पाळीवर. सात महिन्यांची समिधा मी शेजारच्या जिवलीताईंकडे दिली होती. त्या जव्हारकडच्या, इथे सरावलीत बांधकामावर जातात. माझ्या पेपरसाठी मुद्दाम घरी थांबल्या होत्या.

नवव्या प्रश्नाला दार ढकललं गेलं.

"बाय, ही ऐकतच नाय. दूद मांगते." म्हणत त्या माझ्या खांद्यावरून वाकल्याच. स्क्रीन लाल झाली: दुसरा चेहरा दिसला. पहिली ताकीद.

समिधाला ओढणीखाली घेतलं. ती पीत होती तोवर भराभर पंधरा प्रश्न सोडवले. पोट भरल्यावर मात्र तिला उजेडाची ओढ लागली. माझा गळा धरून उभी राहिली आणि स्क्रीनवर स्वतःला बघून खुदकन हसली. खालचे दोन दात, नुकतेच आलेले. दुसरी ताकीद.

एवढं गोड हसू, आणि मला रडू फुटलं. सव्वीस प्रश्न बाकी, वीस मिनिटं. खाली ठेवली तर आकांत, उचलली तर चेहरा.

जिवलीताई आता भिंतीला चिकटून, चौकटीच्या बाहेर उभ्या होत्या. कुजबुजत म्हणाल्या, "तुजा मास्तर मानसाच्या आरपार बगतो का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग झालं." त्या रांगत माझ्या मागे आल्या, समिधाला माझ्या पाठीशी लावलं, ओढणीने घट्ट आवळून पुढे गाठ मारली. "चार पोरा अशी बांधून भाताची आवणी केलीय मी. तू लिव. वाकू नको तेवडी."

वाकले असते तर तिचं डोकं वर आलं असतं. इतकी ताठ मी जन्मात बसले नसेन. तिने माझे केस ओढले, पाठीत लाथा मारल्या, मग गाल टेकवून झोपली. तिच्या श्वासाची ऊब पाठीवर, आणि माझं बोट उत्तरांवर.

दोन मिनिटं राहिली असताना पेपर पाठवला. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. मग आकडा आला. एकाहत्तर. उत्तीर्ण.

"काय म्हनतो मास्तर?"

"पास," मी पुटपुटले.

"मंग हळू काय सांगतंस? चोरी केलीस का?"

खरंच की! मी तशीच, लेक पाठीवर घेऊन गॅलरीत धावले आणि सगळा जोर लावून ओरडले, "पास झाले!" शेजारची दारं उघडली. खालून कोणी तरी विचारलं, "कौन पास हुआ? बच्ची?"

"बच्चीची आय!" जिवलीताई माझ्याही वरच्या आवाजात ओरडल्या.