अठ्ठ्याण्णव टक्के

नारीन खोऱ्यातल्या वरच्या कुरणात शंभर मेंढ्या चरायच्या. नव्व्याण्णव तोकोल्दोशच्या, एक म्हाताऱ्या बुर्माकानची. त्याच्या कळपाने गवत मुळापर्यंत खाल्लं, म्हणून तिने गावसभेत तक्रार केली.

तोकोल्दोश सगळ्यांसमोर हसला. "रडू नका, आपा! माझ्या मेंढ्या नव्व्याण्णव टक्के आहेत ना? अठ्ठ्याण्णव करतो. घ्या लिहून!" त्याने तिथल्या तिथे सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी त्याने एकच मेंढी बाहेर काढली. बुर्माकान आडवी आली. चाळीस वर्षं तिने शाळेत गणित शिकवलं होतं. हाही तिच्याच वर्गातला.

"अजून एकोणपन्नास काढ."

"म्हातारे, डोकं फिरलंय का?"

"माझी एक मेंढी दोन टक्के व्हायची, तर कुरणात पन्नासच हव्यात. त्यात तुझ्या एकोणपन्नास. मांडून बघ, गाढवा."

त्याने मातीत आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. गावातल्या वडीलधाऱ्यांनीही मांडून पाहिले आणि माना डोलावल्या. पन्नासावी मेंढी बाहेर हाकलून तो तिच्या पायाशी थुंकला.

"तुझ्या मेंढीला लांडगा नेईल!"

"नेऊ दे. मग तुझ्या शंभर टक्के होतील. एक जरी उरली तरी शंभरच, मग सही पाळायला सगळा कळप काढावा लागेल."

तोकोल्दोशने दात खाल्ले आणि आपला कुत्रा तिच्या मेंढीपाशी नेऊन बांधला.